मोठ्यांसाठीचा कॅटेकिझम वर्ग, वसई : चार स्टार

लहानपणी संडे स्कूलला पाठ केलेलं सगळं केव्हाच उडून गेलेलं असतं, त्यामुळे मोठ्यांसाठी कॅटेकिझमचा, म्हणजे कॅथलिक धर्मशिक्षणाचा, वर्ग निघालाय म्हटल्यावर लगेच नाव दिलं. कुठला धर्मग्राम (पॅरिश) ते नाही लिहीत, कारण खाली थोडी कुरकुर पण आहे.

शिकवणारे फादर एक नंबर. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे काय विचारलं तर बहुतेकांचं उत्तर, येशू कुमारी मरियेच्या पोटी आला ते. तर ते नाहीये! ते मरियेबद्दल आहे, ती स्वतः आपल्या आईच्या, म्हणजे संत अ‍ॅनाच्या पोटात आली त्या पहिल्या क्षणापासून आदिपापापासून, म्हणजे आदम-हव्वेपासून सगळ्यांना जन्मतः लागलेल्या पापापासून, मुक्त होती, 1854 ला पोप नववे पायस यांनी तसं जाहीर केलं. मग फादरनी फळ्यावर नुसत्या दोन तारखा लिहिल्या, 8 डिसेंबर आणि 8 सप्टेंबर, पहिली या गर्भसंभवाच्या सणाची, दुसरी मरियेच्या जन्माची, आणि म्हणाले मोजा आता. बरोब्बर नऊ महिने! मरियेच्या जन्मदिनाच्या बांद्र्याच्या जत्रेला दरवर्षी न चुकता जाणाऱ्या मावश्या पण बघतच राहिल्या.

पोप चुकत नाहीत यावर तर धमाल. एका अंकलनी विचारलं, "फादर, पोप म्हणाले उद्या पाऊस पडणार, तर छत्री घ्यायची का?" फादर म्हणाले, "हवामान खात्याला विचारा." 1870 च्या व्हॅटिकन परिषदेनं ठरवलं ते एवढंच की श्रद्धा किंवा नीतीची गोष्ट सगळ्या चर्चसाठी कायमची म्हणून पोप अधिकृतपणे जाहीर करतात तेव्हाच ते लागू, आणि त्यानंतर तसं झालं एकदाच, 1950 ला, मरियेच्या स्वर्गारोहणाबद्दल, म्हणजे ती देहासकट स्वर्गात घेतली गेली याबद्दल.

महापापाचं पण नीट सांगितलं, गोष्ट गंभीर हवी, ती गंभीर आहे हे माहीत हवं आणि तरी स्वतःच्या मर्जीनं केलेली हवी, तिन्ही असेल तरच. म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाची रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकली तर ते पापच नाही, आमच्या आज्जीला हे कोणी सांगायला हवं होतं.

आता कुरकुर. देवाची कृपा हा सगळ्याचा पाया, आणि तीच शेवटी घाईघाईत उरकली, वर झेरॉक्स हातात दिली ती इंग्लिश आणि अर्धी पुसट. शुद्धिस्थानाला, म्हणजे मेल्यावर स्वर्गात जाण्याआधी आत्मे शुद्ध होतात त्याला, तर दोनच वाक्यं, तिथले आत्मे आधीच तारलेले असतात, ती दुसरी संधी नव्हे, संपलं. लोकांना विचारायचं होतं की अजून! मागच्या बाकांवर ऐकू पण येत नाही.

फी नाही, चहा मिळतो. गॉडफादर-गॉडमदर व्हायचं असेल त्यांनी तर जाच, फक्त पुढे बसा.