बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह : आठ महिने वापरल्यावर

नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही, हे तो घरी आणल्यावर लक्षात आलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आता सीडी लावतं कोण?" आमच्याकडे लावतात. माळ्यावरच्या खोक्यात साठेक चकत्या आहेत: २००७ मधल्या आमच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी, सासऱ्यांच्या नाटकांच्या व्हीसीडी, आईच्या अभंगांच्या सीडी. शेवटी यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह मागवला, सतराशे रुपयांना.

पहिल्या आठवड्यात तो परतच करणार होते. चकती घातली की गरगर फिरायची, दोनदा टक्-टक् व्हायचं आणि स्क्रीनवरून ड्राइव्ह गायब. दोष माझाच निघाला. मी तो हबला, म्हणजे एका पोर्टची चार पोर्ट करणाऱ्या डबीला, लावला होता आणि त्याच हबवर माउस, पेनड्राइव्ह, कीबोर्ड. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर वीज मिळते, हबवर तीच सगळ्यांत वाटली जाते, आणि चकतीला वेग घेताना सगळ्यात जास्त लागते. थेट लॅपटॉपच्या यूएसबी ३.० पोर्टला लावल्यापासून टक्-टक् बंद. काही ड्राइव्हना दोन टोकांची वायर असते ती याचसाठी, दुसरं टोक नुसतं वीज घ्यायला.

दुसरा घोळ विंडोजचा. विंडोज ८ पासून डीव्हीडी सिनेमा चालवायची सोय आपोआप मिळत नाही. व्हीएलसी नावाचा प्लेअर टाका, फुकट आहे, व्हीसीडीसुद्धा चालवतो.

ऑडिओ सीडीनं मात्र मला चांगलंच उल्लू बनवलं. आईची अभंगांची सीडी उघडली, १४ फायली दिसल्या, पेनड्राइव्हवर ओढल्या. दोन सेकंदांत कॉपी! गाडीत लावलं तर शांतता. त्या .सीडीए फायली म्हणजे नुसत्या पाट्या, प्रत्येकी ४४ बाइटच्या. गाणं कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे, एवढंच त्यात लिहिलेलं. गाणी तशी उचलता येत नाहीत, रिप करावी लागतात, म्हणजे सीडीवरून वाचून त्यांच्या खऱ्या फायली बनवाव्या लागतात. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये रिपचं बटण आहे; सेटिंगमध्ये फ्लॅक हा फायलीचा प्रकार निवडला तर आवाजात काही हरवत नाही.

आता लग्न. पहिली डीव्हीडी छान चालली. दुसरीत अंतरपाट धरलेला, शेवटचं मंगलाष्टक, "शुभमंगल साव..." आणि चित्र गोठलं. नवरा म्हणाला, अजून वेळ गेलेली नाही. ओल्या मऊ फडक्यानं मधून कडेकडे सरळ पुसली (गोल गोल पुसू नका, वाचणारी रेघ त्याच दिशेनं जाते), तरी तिथंच अडकली. नणंदेकडच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये तीच चकती पहिल्या फटक्यात पुढे गेली. म्हणजे हा पातळ ड्राइव्ह ओरखड्यांच्या बाबतीत नाजूक आहे. तिसरी डीव्हीडी कुठेच वाचली गेली नाही. रिसेप्शन गेलं. फारसं दुःख नाही, त्यात मी दोन तास नुसती उभी आहे.

दिराच्या अमेरिकेतल्या डीव्हीडीनं ड्राइव्हचा रिजन, म्हणजे कुठल्या भागातल्या डीव्हीडी चालतील तो क्रमांक, बदलायला सांगितलं. तिकडचा रिजन १, आपला ५. ड्राइव्हला हा बदल पाचच वेळा करता येतो, मग शेवटचा कायमचा बसतो. मी 'नाही' दाबलं.

तक्रारी? वायर वीतभर आहे. ट्रे इतका हलका की चकती बसवताना खालून बोटाचा आधार द्यावा लागतो. मधल्या गोलावर खट् आवाज येईपर्यंत दाबायचं, नाहीतर आत खरवडते. ब्लू-रे चालत नाही, पण या किमतीत ती अपेक्षाही नव्हती.

खोक्यातल्या सहा चकत्या सोडल्या तर सगळं हार्ड डिस्कवर आलंय, तेव्हा ड्राइव्ह कपाटात जायला हरकत नव्हती. पण सासऱ्यांना फाइल नको, चकतीच हवी. व्हीसीडीत सव्वा तासच मावतो, त्यामुळे नाटकाची पहिली चकती संपली की कुणीतरी उठतं, दुसरी घालतं, आणि तेवढ्यात चहा टाकला जातो.