घरचं सोयादूध, फाटणारा चहा आणि वॉरंटी: मशीन वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात घेतलेलं सोयादुधाचं मशीन मागच्या आठवड्यात बंद पडलं, म्हणून हे लिहायला बसलोय. कंपनीचं नाव देत नाही. ऑनलाइन मिळणारी ही सगळी मशीनं तशी एकाच साच्यातली: स्टीलचा जार, बुडाशी हीटर, मधे पातं आणि झाकणाला फेस ओळखणारी दांडी. किती वॅट, किती लिटर, किती प्रोग्रॅम हे तुम्ही वाचलंच असेल. मी साडेसात हजार मोजले, तेही सेलमध्ये.

बिघाड असा: हीटर तापतो, पातं फिरत नाही आणि जारखाली ओट्यावर पांढरं पाणी जमतं. कस्टमर केअरला फोन लावला. ‘सर, आपकी शिकायत दर्ज हो गई है.’ चार दिवस काहीच नाही. पुन्हा फोन केल्यावर कळलं की बुडाचा सील (पाणी खाली गळू नये म्हणून बसवलेली चकती) वॉरंटीत येत नाही, कारण तो झिजणारा भाग आहे. मग तो सील विकत द्या, म्हटलं. सुटा मिळत नाही, पूर्ण जार घ्यावा लागेल, 2,900 रुपये. शिवाय तपासणीसाठी मशीन भिवंडीच्या गोदामात आम्हीच पाठवायचं, कुरियरचा खर्च आमचा. झिजणारा भाग सुटा विकायचा नाही, तर तो झिजणारा आहे हे सांगता कशाला? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल.

आता हे मशीन घरात का आलं, ते. आमची कन्या कॉलेजात वेगन झाली, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच घ्यायचं नाही, दूधही नाही. तिच्यासोबत म्हणून मी दूध सोडलं आणि तिच्यापेक्षा जास्त टिकलो. पनीर, दही, तूप यांचं विशेष काही वाटलं नाही. अडलं ते चहाशी. सकाळी उठल्यावर एक, ऑफिसातून आल्यावर एक, आणि दोन्ही आल्याचे, कडक, दुधाचे. ते नसतील तर वेगन होण्यात मला रस नव्हता, हे स्पष्ट सांगतो. आईचं अर्धा लिटर म्हशीचं दूध तबेल्यातून वेगळं येतं आणि येत राहील, त्यावर घरात चर्चा होत नाही.

पहिले काही आठवडे वनस्पतिजन्य दुधाची तयार खोकी आणली. बदामाचं सगळ्यात निरुपयोगी. पाण्यात बदामाची आठवण, आणि चहात ओतलं की रंग धुवट राखाडी. ओटचं चवीला बरं, पण गोड. वर ‘साखर घातलेली नाही’ असं छापलेलं असतं आणि ते खोटंही नाही. कारखान्यात एन्झाइम घालून ओटमधल्या स्टार्चचं माल्टोज करतात, गोडवा तिथून येतो. घरात मधुमेही असेल तर लेबलच्या मागची बाजू वाचा. घरी मिक्सरवर ओटचं दूध करायचं म्हणाल, तर थंड असताना ठीक, चहात उकळलं की त्याची खळ होते. तो स्टार्च फुगतो, त्याला इलाज नाही.

आणि भाव! 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी उतरला, सोयादुधावरचा 12 चा 5 टक्के आणि बाकीच्या वनस्पतिजन्य दुधांवरचा 18 चा 5. तरी ओटचं चांगलं खोकं अडीचशेच्या खाली मला क्वचितच दिसतं. दोन माणसांच्या दोन वेळच्या चहाला हे परवडणारं प्रकरण नाही. म्हणून मशीन.

हिशेब सांगतो, कारण मशीन घ्यायचं एकमेव खरं कारण तेच. लिटरभर दुधाला साधारण 100 ग्रॅम सोयाबीन लागतं. हमीभाव 2025-26 साठी क्विंटलला 5,328 रुपये, म्हणजे किलोला 53. आमचा किराणावाला 90 घेतो. (लातूरकडचा मावसभाऊ म्हणतो की 53 सुद्धा हातात पडत नाहीत, मधले पैसे कुणाकडे जातात ते तुम्हीच शोधा.) म्हणजे दाण्यांचे नऊ रुपये, विजेचे दोन-तीन. बारा रुपयांत लिटर. चोथा उरतो तो थालीपिठात जातो, आणि थालीपीठ उलट खुसखुशीत होतं.

सोयाला वास येतो अशी सगळ्यांची तक्रार असते. तो वास दाण्यात नसतो, दाणा पाण्यात भरडला की एका एन्झाइममुळे तयार होतो. दळतानाच पाणी उकळतं असेल तर ते एन्झाइम तिथल्या तिथे मरतं. मशीन आधी पाणी तापवतं आणि मग पातं फिरवतं, ते यासाठीच. रात्रभर भिजवून, सालं चोळून काढून, भिजवणीचं पाणी फेकून दिलं की वास आणखी कमी. मिक्सरवर करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा: सोयादूध उकळी फुटायच्या बरंच आधी फसफसून वर येतं. फेस आला म्हणजे उकळलं असं नाही. आच कमी करून पुढे दहा-पंधरा मिनिटं नीट उकळू द्यायचं, नाहीतर कच्च्या सोयातले पचनाला आड येणारे घटक तसेच राहतात.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, आणि त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. चहा फाटतो.

मशीनच्या पेजवर शेकडो अभिप्राय आहेत. दूध घट्ट होतं का, गाळणी कशी आहे, रंग कोणते, सगळं आहे. चहा फाटतो हे मात्र एकाही महाभागाने लिहिलेलं नाही. ही माणसं त्या दुधाचं करतात काय? आमच्याकडे पहिल्याच दिवशी, नेहमीसारखं आलं ठेचून, पत्ती टाकून, वरून दूध ओतून उकळी आणली, आणि पातेल्यात चोथापाणी. चव ठीकच होती, पण ते रवाळ कण जिभेवर आले की घोट पुढे जात नाही.

मग त्याच्या मागेच लागलो. सोयाचं प्रथिन आम्लात गोळा होतं, आणि गरम असेल तर जास्त लवकर. चहा थोडा आम्लधर्मी असतो, कॉफी त्याहून थोडी जास्त, लिंबाचं तर विचारूच नका. आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, गाईम्हशीचं दूधही त्याने फाटतं. आपल्या आया आलं आधी पाण्यात खळखळून उकळून घेतात ते म्हणूनच, उकळल्यावर ते एन्झाइम निकामी होतं. गुळाचा चहा तर सोयादुधात हमखास फाटतो. गूळ घालायचाच असेल तर आच बंद केल्यावर, आणि तरी खात्री नाही. शिळं दूध ताज्यापेक्षा लवकर फाटतं. मुंबईच्या उकाड्यात सकाळचं दूध दुपारपर्यंत ओट्यावर राहिलं तर चहाची वाट बघूच नका. फ्रीजमध्ये दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याची कढी करा.

कॉफीसाठी म्हणून विकतात त्या महागड्या ‘बरिस्ता’ खोक्यांच्या लेबलवर आम्लता नियंत्रक म्हणून 340 असा क्रमांक सापडतो. तो पोटॅशियम फॉस्फेट. त्याचं काम इतकंच, की कॉफीतला आंबटपणा दुधाच्या प्रथिनापर्यंत पोचू नये. घरी त्याला पर्याय खायचा सोडा. किती? सुईच्या टोकावर राहील इतका, कपभर दुधाला. चिमूटभर घातलात तर चहा काळपट होतो आणि साबणासारखा लागतो.

आमची आताची पद्धत अशी. पाण्यात आलं पाच मिनिटं चांगलं उकळायचं, मग पत्ती, एकच उकळी, आच बंद. दुसऱ्या भांड्यात सोयादूध गरम करायचं, उकळायचं नाही. कपात आधी दूध घ्यायचं आणि त्यावर चहा गाळत हळूहळू ओतायचा. दुधात चहा, चहात दूध नाही. शंभर टक्के नाही, पण फाटण्याचं प्रमाण इतकं कमी झालं की आता फाटला तर घरात बातमी होते. दोन भांडी जास्त घासावी लागतात, हा तोटा लिहून ठेवा.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे देऊन संपवणार होतो. पुढचं नंतर लिहितोय, कारण मशीन दुरुस्त झालं.

आमच्या स्टेशनबाहेर एक मिक्सर दुरुस्तीवाले काका बसतात. त्यांनी जार उलटा केला, बघितलं आणि म्हणाले, ‘साहेब, हा मिक्सरच आहे, खाली फक्त शेगडी लावलीय.’ सील गेल्यामुळे पाणी बेअरिंगमध्ये उतरलं होतं, बेअरिंग गंजून जाम झालं होतं. दोन्हीची मापं त्यांनी कागदावर लिहून दिली. शनिवारी लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात गेलो, दुसऱ्याच दुकानात दोन्ही वस्तू मिळाल्या. सील, बेअरिंग, मजुरी धरून 350 रुपये. कंपनीचा जार 2,900. सिलिकॉनचे दोन सील जास्तीचे घेऊन ठेवलेत.

काकांनी आणखी एक सांगितलं, जे माहितीपत्रकात नाही. झाकणाच्या दांडीवर दुधाचा थर साचला की मशीनला सतत फेसच दिसतो आणि ते हीटर मधेच बंद करतं. दूध अर्धकच्चं राहण्याचं तेच कारण. दर वेळी दांडी घासायची. हीटरच्या तळावर करपलेला थर दिसला तर पाण्यात लिंबू पिळून उकळी आणायची आणि ओतून द्यायचं.

मशीनबद्दल मत त्यामुळे सुधारलं. कंपनीबद्दल नाही.

आणखी एक, जे मी आधीच्या रागात लिहिलं नव्हतं. सोयादुधाला साय येते. खरोखरची, सुरकुतलेली, चमच्याने उचलता येणारी. जपानी लोक ती काढून युबा म्हणून खातात. आईने पातेल्यात ती साय बघितली, काही बोलली नाही, चमच्याने उचलून साखर घालून खाल्ली. ‘बरी आहे,’ म्हणाली. आईचं ‘बरी आहे’ म्हणजे काय ते आमच्या घरात विचारून बघा. चहा अजून ती स्वतःच्या दुधाचाच घेते.

बाकी गरम पेयांचं थोडक्यात. फिल्टर कॉफी सोयादुधात चहापेक्षा सरस लागते. माटुंग्याहून चिकोरी घातलेली पूड आणतो, चिकोरीच्या कडवटपणात सोयाचा उरलासुरला वास बुडतो. नाचणीचं सत्त्व सोयादुधात शिजवलं की रात्रीचं पेय होतं, आणि त्याला आणखी एक कारण आहे: घरच्या सोयादुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असली तरी कॅल्शियम फारच कमी असतं. नाचणीत ते 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. बी-12 मात्र दोन्हीत नाही, त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. खोक्यातल्या दुधात या गोष्टी बऱ्याचदा वरून घातलेल्या असतात, तेवढं श्रेय त्यांना. कोजागरीला काजूचं दूध केलं, केशर, जायफळ, चारोळी सगळं घालून. काजू गाळावा लागत नाही, फाटत नाही, घट्ट होतो. वर्षातून एकदाच परवडतो. नारळाचं दूध चहात घालू नका, चहाची सोलकढी होते.

बाहेर काय प्यायचं हा वेगळा वैताग. टपरीवर दूध, पत्ती, साखर सगळं एकाच पातेल्यात उकळत असतं, कोरा मागितला तर चहावाला दया आल्यासारखा बघतो. भेंडीबाजारच्या बाजूला गेलात तर सुलेमानी मिळतो, लिंबू-पुदिन्याचा, तो कुणाचा पर्याय म्हणून नाही तर स्वतःच्या जोरावर उत्तम. ऑफिसच्या मशीनमधल्या चहा-कॉफीच्या प्रीमिक्समध्ये बहुतेक वेळा दुधाची पावडर असते. ‘नॉन-डेअरी क्रीमर’वर तर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्यात सोडियम केसिनेट सापडतं आणि ते दुधातूनच काढतात. हिरवा ठिपका इथे उपयोगाचा नाही, तो दुधालाही असतो. वेगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2022 च्या नियमांत वेगळं चिन्ह दिलंय, हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही आणि त्यावर पान. ते शोधा.

मशीन घ्यावं का? दिवसाला अर्धा लिटरपेक्षा कमी लागत असेल तर नको. मिक्सर, मलमलचं फडकं आणि मोठं पातेलं पुरतं. रोजचं लिटर लागत असेल तर घ्या, पण सील सुटा विकणारी कंपनी बघून. आणि बीपचं आधी विचारा. दूध झालं की आमचं मशीन दहा वेळा कोकलतं, पहाटे साडेपाचला, आवाज कमी करायची सोय नाही, शेजारच्या काकू आता घड्याळ लावत नाहीत. दुरुस्तीवाल्या काकांना विचारलं, म्हणाले, पन्नास रुपयांत वायर तोडून देतो. रविवारी नेतोय.