सिमवाला ट्रेल कॅमेरा, ८ महिने वापरून

ट्रेल कॅमेरा म्हणजे जंगलात झाडाला बांधायचा, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, आणि सिमवाला तो फोटो थेट फोनवर पाठवतो. ब्रँडचं नाव टाकत नाही, कारण कंपनीशी रिफंडवरून अजून माझं भांडण चालूये. अमेरिकेत ॲरिझोनात फीनिक्सला राहतो, शिकार करत नाही, फक्त प्राणी बघायची हौस. ऑगस्टमधे फ्लॅगस्टाफच्या बाजूला कोकोनिनो नॅशनल फॉरेस्टमधे एका टँकजवळ (इथं गुरांसाठी खोदलेल्या तळ्याला टँक म्हणतात) पाँडेरोसा पाइनच्या झाडाला पट्ट्याने बांधून आलो, वर साल-बिल लावून असा लपवला की दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मलाच सापडेना.

फोटो दिवसा एक नंबर. रात्रीचे ठीकठाक, कारण मी नो-ग्लो म्हणजे ९४० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या) फ्लॅशवाला घेतला, त्यात लाल ठिपका दिसत नाही पण उजेड लांबवर पोचत नाही, ८५० वाला जास्त लांबचं दाखवतो. तोंड उत्तरेकडे ठेवा, मी पहिल्यांदा पश्चिमेकडे ठेवलं तर संध्याकाळी उन्हाने आणि हलणाऱ्या गवताने शेकडो रिकामे फोटो, आणि प्लॅनचे पैसे फोटोच्या हिशोबाने जातात!! १२ सेल लागतात, साधे अल्कलाइन थंडीत मान टाकतात, लिथियमच घ्या.

आता खरी गंमत. पहिल्या महिन्यात एल्क (मोठ्या जातीचं हरीण) आले ४, गाई अगणित, आणि माणसं ११. त्यातला एक बिचारा झाडाआड "मोकळा" होत होता आणि तो फोटो मला ऑफिसच्या मीटिंगमधे फोनवर आला. लगेच डिलीट केला पण लाज माझीच मला वाटली.

सप्टेंबरमधे सेल बदलायला गेलो तर धनुष्यबाणवाला एक म्हातारा शिकारी तिथं बसलेला, त्याने कॅमेरा आधीच हेरला होता. मला वाटलं आता शिव्या खाणार, पण शांतपणे म्हणाला की शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यावर बंदी यायच्या आधी अशा एकेका पाण्यावर दहा-पंधरा कॅमेरे असायचे, प्रत्येकाचा मालक मेमरी कार्ड बदलायला येणार, जनावर पाण्याला येईनासं व्हायचं, आणि जागा सगळ्यांची असताना मी कुठं बसतो हे कुणाच्या तरी फोनवर का जावं. मी म्हटलं काका, मी शिकारी नाही. तर म्हणे ते मला कसं कळणार, कॅमेऱ्यावर लिहिलंय का? यावर काय बोलणार.

ॲरिझोनात १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा बंद आहे, नुसते प्राणी बघायला चालतो. नेव्हाडात सरकारी जमिनीवर १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर (फोटो पाठवणाऱ्या सिमवाल्याला १ जुलैपासूनच) आणि युटातही ३१ जुलैपासून डिसेंबरअखेर निर्बंध आहेत, तिकडे जाणार असाल तर आधी नियम वाचा. ताडोबात वनखातं वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतं कारण वाघाच्या दोन अंगांचे पट्टे सारखे नसतात, तिथं निदान कॅमेरा कुणाचा ते तरी माहीत असतं. इथं आम्ही हौशे-नवशे लपवून येतो.

मशीनला ४ स्टार, ॲपला २ (तीनदा लॉगआउट झालं, सपोर्टवाले "रीस्टार्ट करा" सोडून काही बोलत नाहीत). त्या काकांशी बोलणं झालं त्याच दिवशी कॅमेरा काढून आणला, आता मागच्या अंगणात आहे. रोज रात्री जाव्हेलिनांचं (रानडुकरासारखा दिसणारा इथला प्राणी) टोळकं येऊन बायकोने लावलेले लाल भोपळे खातं, फोटो एकदम क्लिअर.