पोदेर की पाववाला?

गोव्यात, आमच्या फोंड्याला सकाळी सायकलचा भोंपू वाजला की आई म्हणते, "पोदेर आला, धाव." पुण्याहून आलेली मामेबहीण त्यालाच ‘पाववाला’ म्हणते. माणूस एकच, टोपलीही एकच.

‘पाववाला’ सोपा शब्द, मराठी मुलखात कुठेही चालतो. पण त्यातून नुसती विक्री कळते. दुकानात बांधलेली पुडी विकणाराही पाववालाच.

‘पोदेर’ पोर्तुगीज ‘पादेइरू’वरून आला, म्हणजे पाव भाजणारा. त्यात भट्टी आहे, पीठ मळणारे हात आहेत. आणि हा शब्द घरात असला की मागोमाग बाकीचे येतात: कडक कवचाचा उंडो, कोंडा लागलेली पोकळ पोई, बांगडीसारखं कुरकुरीत काकण. काकण चहात बुडवायचं, पोई फोडून आत भाजी भरायची. नुसतं "चार पाव द्या" म्हटलं तर यातलं नेमकं काय हवंय ते कसं कळणार? (‘पाव’ही मुळात पोर्तुगीजच, हे आपण पार विसरलोय.)

पाहुण्यांशी बोलताना मी ‘पाववाला’ म्हणते, त्यांना अडायला नको. घरात मात्र मला ‘पोदेर’च हवा. परवा भोंपू ऐकून तीन वर्षांची भाची "पोदेर!" ओरडत दारात धावली. उंडो तिनेच मागितला.