तीन किल्ल्या असायला हव्या होत्या, स्क्रीनवर चार दिसल्या

गाडीची दुसरी किल्ली हरवून वर्ष होऊन गेलं होतं. नवीन करून घ्यायची, असं दर महिन्याला ठरत होतं आणि राहून जात होतं. एका किल्लीवर काम चालत होतं, म्हणून निकड वाटत नव्हती. पुढचं सगळं त्या चालढकलीतून घडलं, म्हणून हे आधीच सांगते.

आईला रुग्णालयातून घरी सोडलं ती संध्याकाळ. मी रिमोटवरचं डिकीचं बटण दाबलं. औषधांची पिशवी, फाइल, माझी पर्स डिकीत ठेवली. पिशवी कलंडत होती, ती दोन्ही हातांनी सरळ करायला हातातली किल्ली तिथंच टेकवली. पिशवी नीट उभी केली आणि डिकी लावून टाकली. खट् आवाज आला तेव्हाच पोटात धस्स झालं. त्या बटणानं फक्त डिकी उघडते, चारही दरवाजे लॉकच राहतात. आई व्हीलचेअरवर, औषधं आत, अंधार पडायला आलेला. हातात फक्त फोन.

फोनवर शोधलं. सगळ्यात वर जी जाहिरात आली, तिच्यावरचा नंबर लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "ताई, काळजी करू नका, पंधरा मिनिटांत पोचतो." पैसे विचारले तर अगदी किरकोळ रक्कम सांगितली आणि वर म्हणाला, "बाकी गाडी बघून सांगतो, फार काही होत नाही." एकूण किती, हे मी विचारलंच नाही. गाडीचं मॉडेल, वर्ष, किल्ली कुठे अडकली आहे, हे त्यानंही विचारलं नाही. काम जाणणारा माणूस हे फोनवरच विचारतो, कारण त्यावरच काम किती आणि हत्यार कोणतं ते ठरतं. हे मला नंतर कळलं.

पंधरा मिनिटांचा तास झाला. तो आला त्या गाडीवर दुकानाचं नाव नव्हतं. ओळखपत्र नाही, गणवेश नाही. त्याहून मोठी खूण माझ्या नजरेतून सुटली. ही गाडी माझीच आहे कशावरून, हे त्यानं विचारलं नाही. प्रामाणिक किल्लीवाला हे विचारतोच. कागद गाडीत असतील तर दार उघडल्याबरोबर दाखवा म्हणतो. न विचारणाऱ्याला कोणाची गाडी उघडतोय याची फिकीर नसते.

काचेच्या रबरी पट्टीतून त्यानं एक पत्ती दोन-तीनदा आत सरकवल्यासारखी केली. दोन मिनिटंही झाली नसतील. मग मान हलवून म्हणाला, "ताई, ही नवीन सिस्टीम आहे. याला ड्रिलच मारावं लागतं." मी आईकडे पाहिलं. तिनं शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. मी म्हटलं, मारा. ड्रिलचा आवाज सुरू झाला. हँडलजवळच्या किल्लीच्या भोकातून पितळेचा बारीक भुगा दाराच्या रंगावरून घरंगळत खाली येत होता. तो त्यानं फुंकर मारून उडवला, तेव्हा रंगावर दोन ओरखडे दिसले.

दार उघडलं आणि हिशोब सुरू झाला. येण्याचे वेगळे, उघडण्याचे वेगळे, ड्रिलचे वेगळे, फुटलेल्या कुलपाच्या जागी नवं बसवायचे वेगळे, अवेळचे वेगळे. बेरीज फोनवरच्या रकमेच्या नऊपट झाली. मी हुज्जत घातली, तर त्याचा आवाज चढला आणि तो दाराला टेकून उभा राहिला. मी पैसे पाठवले.

इथपर्यंतची फसवणूक अनेकांच्या वाट्याला आलेली असते. पुढची मात्र मला तीन आठवडे कळलीच नाही.

पैसे मिळाल्यावर त्याचा सूर पुन्हा मऊ झाला. "दुसरी किल्ली आहे का?" मी म्हटलं, एकच उरलीये. "मग आत्ताच करून घ्या ना, मशीन आणलंय. पुन्हा असं अडकायला नको." खरं सांगते, मला ते पटलं. इतका मनस्ताप झाल्यावर दुसरी किल्ली हवीच होती. त्यानं डिकीतून माझी किल्ली घेतली, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडली आणि म्हणाला, "तुम्ही आईंजवळ बसा, दहा मिनिटं लागतील." दार आतून ओढून घेतलं. लागली जवळपास तीस. नव्या किल्लीनं इंजिन सुरू करून दाखवलं, तेव्हा मी त्याचे आभारही मानले. पावती मागितल्यावर कोऱ्या कागदावर रक्कम लिहून दिली, खाली एक रेघोटी.

तीन आठवड्यांनी दाराचं ते नवं कुलूप खिळखिळं झालं, म्हणून सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मेकॅनिकनं स्कॅनर लावला आणि विचारलं, "मॅडम, किल्ल्या किती आहेत तुमच्याकडे?"

"दोन. एक मागे हरवलीये."

"म्हणजे तीन दिसायला हव्यात. इथं चार आहेत."

त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. मला आधी अर्थच लागला नाही, मग त्यानं समजावलं.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये एक बारीकशी चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. किल्ली इग्निशनजवळ आली की तिथली तारेची गुंडाळी रेडिओलहरी सोडते, बहुतेक गाड्यांत साधारण १२५ किलोहर्ट्झच्या. तेवढ्या ऊर्जेवर चिप जागी होऊन आपली ओळख देते. गाडीच्या मेमरीत ओळखीच्या किल्ल्यांची यादी असते. यादीत नाव असेल तरच इंजिन चालू राहतं. याला इमोबिलायझर म्हणतात. तारा जोडून गाड्या पळवणाऱ्यांना आळा घालायला हे आलं आणि युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. आता त्या अर्ध्या तासात कोणी दोन किल्ल्या यादीत चढवल्या, एक मला दिली आणि एक खिशात ठेवली, तर माझी गाडी त्या खिशातल्या किल्लीलाही मालकच समजणार. काच फोडायला नको, तार जोडायला नको.

ती चौथी किल्ली त्याच्याकडेच आहे, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण गाडी मी नवी घेतली होती, सोबत दोन किल्ल्या मिळाल्या होत्या आणि त्या माणसाखेरीज त्या सॉकेटला सर्व्हिस सेंटरबाहेर कोणीही हात लावलेला नाही. त्याच्याकडे माझा फोन नंबर होता आणि गाडीचा नंबर त्यानं पाहिला होता. ते तीन आठवडे गाडी रोज रात्री घराखाली उभी होती.

मेकॅनिकनं सगळी यादी पुसली आणि माझ्या हातातल्या दोनच किल्ल्या नव्यानं नोंदवल्या. त्यामुळे ती चौथी आणि वर्षापूर्वी हरवलेली, दोन्ही इंजिनासाठी मेल्या. म्हणजे किल्ली हरवली त्याच आठवड्यात हे करून घ्यायला हवं होतं! पण यादी पुसली तरी किल्लीचं धातूचं पातं काम करतंच, त्यानं दार उघडू शकतं. माझ्या दाराचं कुलूप तसंही बदलायचं होतं, ते बदलून दोन्ही किल्ल्यांची पाती नव्यानं कापून घेतली.

ड्रिलबद्दल त्याच मेकॅनिकला विचारलं, तेव्हा तो हळहळला. किल्ली आत राहिली तर ड्रिलची गरज जवळजवळ कधीच पडत नाही म्हणाला. दाराच्या वरच्या कोपऱ्यात हवेची चपटी रबरी पिशवी सरकवायची, पंपानं किंचित फुगवायची, बोटभर फट पडते. त्यातून लांब सळई आत घालून अनलॉकचं बटण दाबायचं किंवा आतलं हँडल ओढायचं. काही कारागीर कुलपाच्या भोकातच बारीक हत्यार घालून आतल्या पट्ट्यांची उंची वाचतात आणि किल्लीसारखं कुलूप फिरवतात. दोन्हींत कुलूप शाबूत राहतं. आल्या आल्या ड्रिल काढणाऱ्याला कुलूप मोडायचंच असतं, कारण मोडलं की नवं विकता येतं. तेव्हा तो शब्द ऐकलात की काम थांबवायला सांगा. आलेल्या माणसाला परत पाठवायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. पाठवा. येण्याचे ठरलेले पैसे द्या आणि दुसऱ्याला बोलवा. त्याआधी विम्याच्या कागदांत किंवा गाडीच्या वॉरंटीत रस्त्यावरच्या मदतीची सोय आहे का ते बघा. माझ्या विम्यात ती होती. मी पाहिलंच नव्हतं.

एक प्रसंग मात्र असा आहे, की त्यात यातलं काहीही करत बसू नका. आत लहान मूल असेल आणि ऊन असेल, तर किल्लीवाल्याची वाट पाहायची नाही. बंद गाडीत दहा मिनिटांतच तापमान दहा अंशांच्या आसपास वाढू शकतं. तातडीच्या मदतीला फोन करा आणि मूल कासावीस दिसलं तर मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच कोपऱ्यात मारून फोडा. पुढची काच फोडत बसू नका, ती दोन थरांची असते, तडकते पण लवकर मोकळी होत नाही.

आता जादा किल्लीचं. किल्ली आत राहण्याच्या प्रसंगाला चिपची महागडी किल्ली लागतच नाही. दार उघडण्यापुरतं साधं कापलेलं धातूचं पातं पुरतं, कारण इंजिन सुरू करायची किल्ली आत असतेच. शिवाय ते चोराच्या हाती पडलं तरी त्यानं इंजिन सुरू होत नाही. तसं एक पातं मी करून घेतलं आणि ते गाडीत नाही, भावाच्या घरी ठेवलंय. काही गाड्यांत पात्यानं दार उघडलं की अलार्म वाजतो, तेव्हा एकदा दिवसाउजेडी उघडून बघावं. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीच्या रिमोटमध्येही एक पातं दडवलेलं असतं आणि त्याचं भोक बहुधा हँडलवरच्या टोपणाखाली असतं. अनेकांना ते ठाऊकच नसतं. रिमोटची बॅटरी संपली म्हणून किल्लीवाला बोलवणारेही आहेत. ती बहुधा तीन व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी असते, आपल्याला घरी बदलता येते, आणि ती संपलेली असतानाही बऱ्याच गाड्या रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवला की सुरू होतात.

गाडीखाली चुंबकाच्या डबीत किल्ली चिकटवण्याचा सल्ला मला तिघांनी दिला. मी तो मानला नाही. त्या जागा चोराला आपल्याहून चांगल्या ठाऊक असतात, आणि बटणवाल्या गाडीचा रिमोट तिथं ठेवला तर किल्ली जवळच आहे असं समजून गाडी कोणालाही दार उघडून देऊ शकते. काही गाड्यांसोबत किल्लीचा क्रमांक कोरलेली छोटी पत्ती मिळते. तीही गाडीच्या कप्प्यात ठेवू नये, त्या क्रमांकावरून पातं कापता येतं. जुनी गाडी घेणार असाल तर दोन्ही किल्ल्या मागाच, पण तेवढ्यावर थांबू नका. आधीच्या मालकाच्या काळात यादीत किती चढल्या ते स्कॅनरवर बघून घ्या, आणि हातातल्या सोडून बाकीच्या पुसायला सांगा. एक चालती किल्ली हातात असताना दुसरी करणं सोपं असतं. सगळ्याच हरवल्या की काम कितीतरी किचकट होतं आणि खर्चही त्याच पटीत वाढतो.

तक्रार द्यायला गेले तेव्हा पावती मागितली गेली. मी तो रेघोटीचा कागद पुढे केला. त्यावर नाव नव्हतं, पत्ता नव्हता, गाडीचा नंबर नव्हता, दुसरी किल्ली केल्याचा उल्लेखही नव्हता. पैसे पाठवल्याची फोनमधली नोंद आणि त्याचा नंबर, एवढंच माझ्याकडे होतं. सोबत स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो जोडला. तो मेकॅनिकनं सांगितलं म्हणून काढला होता, यादी पुसण्याआधी.