१९५३ ची शेव्हरोले ३१००: एक हंगाम कामाला जुंपल्यानंतर

जुन्या पिकअपच्या बाजारात १९५३ सालच्या शेव्हरोलेला फारसं कोणी विचारत नाही. हौशी मंडळी १९४७-४८ च्या पहिल्या गाड्यांच्या मागे असतात. ज्यांना इंजिनात दम हवा ते १९५४ ची शोधतात आणि ज्यांना मिरवायचं असतं ते १९५५ नंतरच्या नव्या बांधणीकडे वळतात. मी ओहायोत मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत नेमकी ही मधली, दुर्लक्षित गाडी चालवली. सरपण, शेणखत, गवताचे गठ्ठे, शनिवारच्या बाजाराला भाजीची खोकी, सगळं तिच्यावर लादलं. आडरस्त्यांवरच्या कामासाठी जुनी शेव्हरोले घ्यायची असेल तर माझं मत १९५३ ला आहे. मात्र तिच्यावरच्या खुणा वाचता आल्या पाहिजेत, नाहीतर चुकीचे भाग घेऊन चांगल्या गाडीचं वाटोळं व्हायला वेळ लागत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ही बांधणी २८ जून १९४७ रोजी बाजारात आली. युद्धानंतर शेव्हरोलेने आधी ट्रक नवे केले, मोटारींना नवं रूप १९४९ सालच्या मॉडेलला मिळालं. देशाला तेव्हा माल वाहायची घाई होती, हे त्यावरून कळतं. केबिन इतकी रुंद केली की तिघं बसतील. बाहेरची हवा आत खेचणारा हीटर पर्यायी होता, आणि ‘श्वास घेणारी केबिन’ अशी तिची जाहिरात केली जाई. अर्धा टन माल वाहणारी ती ३१००, पाऊण टनाची ३६०० आणि एक टनाची ३८००. मार्च १९५५ पर्यंत ही बांधणी चालली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, आठ वर्षं एकच गाडी निघत होती. खरं तर जवळजवळ दरवर्षी काहीतरी बदललंय, आणि सुटे भाग मागवताना ते बदल मुळावर येतात.

बॉनेटच्या बाजूची पट्टी बघा. १९४९ ते १९५२ च्या गाड्यांवर ‘शेव्हरोले’ हे नाव आणि त्याखाली क्रमांक असतो. १९५३ ला नाव काढून टाकलं, नुसता ३१०० मोठ्या अक्षरात ठेवला. माझ्या गाडीवर आधीच्या कोणीतरी जुनी नावाची पट्टी बसवली होती. ती काढल्यावर रंगाखाली बुजवलेली मूळ भोकं बोटाला लागली. ती भोकं मोकळी केली, त्यात १९५३ ची पट्टी बिनतक्रार बसली.

त्याहून पक्की खूण दरवाजाच्या खांबावर आहे. तिथली धातूची पाटी १९५२ पर्यंत काळी आणि अक्षरं चंदेरी असत. १९५३ ला पाटी निळी झाली. माझ्या पाटीवरचा निळा रंग कोपऱ्यातच उरलाय, पण तेवढा पुरे. तिच्यावरचा क्रमांक ‘एच ५३ एन’ने सुरू होतो. एच म्हणजे ३१०० ची मालिका, ५३ हे साल, एन म्हणजे नॉरवुडचा कारखाना. नॉरवुड सिनसिनाटीला लागून आहे. म्हणजे गाडी ओहायोतच जोडली गेली आणि ओहायोतच म्हातारी झाली.

दाराचं हँडल बटण दाबून उघडतं का? मग गाडी १९५२ किंवा नंतरची. त्याआधी हँडल खाली दाबावं लागे. दाराच्या काचेला पुढे तिरकी फिरणारी छोटी काच असेल तर १९५१ किंवा नंतरची. वेगाचा काटा ८० मैलांपर्यंतच असेल तर १९५१ किंवा त्याआधीची. १९५२ पासून तो ९० पर्यंत गेला. गाडी ९० ने पळते असं मात्र समजू नका.

आता क्रोमबद्दल. माझ्या गाडीची पुढची जाळी रंगवलेली आहे, डॅशबोर्डावरची पट्टीसुद्धा रंगवलेली. गाडी बघायला येणारा प्रत्येक जण सांगतो, ‘जाळी क्रोम करून घ्या, गाडी उठून दिसेल.’ मी करणार नाही. कोरियाच्या युद्धामुळे निकेल, तांबं, क्रोमियम हे धातू लष्कराकडे वळवले गेले आणि ट्रकवरची चकाकी गेली. १९५२-५३ ची रंगवलेली जाळी म्हणजे गरीब मॉडेल किंवा काटकसरी मालक असा अर्थ लावणं चूक आहे. ती त्या वर्षांची कारखान्यातली खरी अवस्था आहे. प्रदर्शनात चकचकीत क्रोमची १९५३ दिसली की मला वाईट वाटतं. ज्या एका गोष्टीवरून त्या गाडीचा काळ कळत होता, तीच पुसलेली असते. आणि रोजच्या वापरात रंगच बरा. खडी उडून टवका गेला की मी संध्याकाळी ब्रश फिरवतो.

हौद्याचंही तसंच. तळाला लाकडी फळ्या आणि मध्ये लोखंडी पट्ट्या. १९५१ च्या मध्यापर्यंत नऊ फळ्या असत, मग आठ झाल्या. लाकडी ठोकळ्यांवर हौदा टेकवण्याची पद्धत १९५३ ला शेवटची. माझ्या गाडीत दोन फळ्या पार कुजल्या होत्या. दुकानात पॉलिश केलेल्या ओकचे आणि स्टेनलेस पट्ट्यांचे संच मिळतात, सुंदर दिसतात, किंमतही तशीच. मी साधं पिवळं पाइन घेतलं, तेल पाजलं आणि बसवलं. पॉलिशच्या ओकवर खताचं फावडं ओढायला हात धजणार नाही, आणि ज्या हौद्यात फावडं ओढायला जीव खालीवर होतो तो हौदा काय कामाचा? फाळका साखळीवर आडवा होतो, त्यावर बसून दुपारचा डबा खाता येतो. हौद्याच्या बाजूच्या वरच्या कडा माझ्या गाडीत उतरत्या आहेत, १९५४ पासून त्या सपाट झाल्या. वर आडवी फळी टाकून काम करणाऱ्याला १९५४ चा हौदा सोयीचा, हे मान्य.

इंजिन हा या गाडीचा खरा विषय. २१६ घनइंचाचं, सहा सिलिंडरचं, ९२ अश्वशक्तीचं. १९५३ हे पिकअपमधलं त्याचं शेवटचं वर्ष. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग म्हणजे रॉडमध्येच ओतलेला बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू. त्याला ऑइल दाबाने मिळत नाही. ऑइलच्या टाकीत छोटे पन्हळ आहेत, रॉडच्या टोकाला चमच्यासारखं टोक आहे, ते फिरता फिरता ऑइलमध्ये बुडतं आणि ऑइल उचलतं. वेग वाढला की नळ्यांमधून येणारी धार त्या टोकावर बसते. म्हणून ऑइलच्या दाबाचा काटा फक्त ३० पर्यंत आहे आणि चालत्या गाडीत तो १४ च्या आसपास राहतो. नवीन गाड्यांची सवय असलेला माणूस तो काटा बघून घाबरतो. घाबरायचं कारण नाही. मात्र तो काटा रॉडच्या बेअरिंगबद्दल काहीही सांगत नाही, हे पक्कं लक्षात ठेवावं. ती खबर कानाने घ्यायची. उतारावर पाय काढल्यावर खालून टकटक आली तर टाकी उघडायची, आणि रॉडच्या कॅपखालच्या पातळ चकत्यांपैकी एखादी काढून सैलपणा घालवायचा. हे काम घरी होतं. बॅबिट नव्याने ओतायची वेळ आली तर मात्र कारागीर शोधत फिरावं लागतं, आणि तो खर्च मोठा.

यावरूनच गाडी कशी चालवायची ते ठरतं. मागचा एक्सल ४.११ चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे ४.११ फेरे. ताशी ५० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे अडीच हजार फेरे घेतं. तिथे ते खूश असतं. हायवेवर ६५ ने तासन् तास दामटलं तर बॅबिट टिकणार नाही. मी हायवे सोडला. गावागावांतून जाणारे दुपदरी रस्ते धरले आणि गाडीने एकदाही रस्त्यात सोडलं नाही. गॅलनला पंधरा-सोळा मैल देते. पहिला गिअर सिंक्रो नाही, म्हणजे दात आपोआप एका वेगाला येत नाहीत, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही. उरलेले दोन स्टिअरिंगच्या दांड्यावरून लोण्यासारखे पडतात. सेल्फ पायाने मारायचा, अॅक्सिलरेटरच्या शेजारीच त्याचं बटण आहे. थंडीत चोक अर्धा ओढून, क्लच दाबून पाय ठेवला की दुसऱ्या फिरकीला इंजिन बोलतं.

ब्रेकच्या बाबतीत १९५३ चं पारडं जड आहे. १९५० पर्यंत अर्ध्या टनाच्या गाडीला हक जातीचे ब्रेक होते. १९५१ पासून बेंडिक्स आले, त्यांचे लायनर चाकाच्या फिरण्याचाच जोर घेऊन आवळतात. पायाखाली फरक स्पष्ट जाणवतो, आणि सुटे भागही सहज मिळतात. पण ब्रेकच्या नळ्यांत ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर एकेरी आहे. एका चाकाला गळती लागली की चारही गेले. मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याखाली असल्यामुळे लोक त्यातलं ऑइल बघायचं टाळतात. मी महिन्याला झाकण उघडतो आणि नळ्या सगळ्या नव्या टाकल्या. मूळ गाडीला सीटबेल्ट नव्हते, मी कमरेचे बसवले. लहान मुलांना मी या गाडीत बसवत नाही, आणि कोणी बसवू नये.

वायपर इंजिनच्या हवा ओढण्याच्या जोरावर (व्हॅक्यूमवर) चालतात. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की ते मंदावतात, पाय काढला की सपासप फिरतात. पावसात चढ आला की थोडा पाय सैल करून काच पुसून घ्यायची, मग पुन्हा दाबायचा. महिन्याभरात पाय ते आपोआप करतो. मागचा दिवा कारखान्यातून डावीकडे एकच येई, उजवा जादा पैशांचा. मी उजवा आणि इंडिकेटर दोन्ही लावले. यात एका दुकानाने १९५४ चा गोल दिवा पाठवला. १९५३ चा चौकोनी असतो, हे मागणीत लिहूनसुद्धा. परत पाठवण्यात दोन आठवडे गेले. तेव्हापासून मी सालासोबत दिव्याचा, हँडलचा, पट्टीचा फोटो जोडतो.

गाडीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीला लोक नावं ठेवतात. सेल्फ मंद फिरतो म्हणून बारा व्होल्ट करून घेतात. बहुतेक गाड्यांमध्ये दोष केबलचा असतो. सहा व्होल्टला करंट दुप्पट लागतो, म्हणून केबल जाड हवी, आणि दुकानातली तयार केबल बारा व्होल्टच्या मापाची, बारीक असते. मी अंगठ्याएवढी जाड केबल आणि अर्थिंगची स्वच्छ जागा केली, सेल्फ दणक्यात फिरायला लागला. हेडलाइट मात्र पिवळट, मंदच. अंधार पडायच्या आत घरी यावं हे उत्तम.

आपल्याकडचा धागाही आहे. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेव्हरोले जोडायला सुरुवात केली आणि ते काम १९५४ पर्यंत चाललं, म्हणजे या बांधणीच्या जवळजवळ सगळ्या आयुष्यभर. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला अहमदनगर-पुणे धावली ती बेडफर्ड होती, म्हणजे जनरल मोटर्सच्याच घरातली, आणि सुरुवातीच्या एसटीच्या ताफ्यात शेव्हरोलेही होत्या. साताऱ्याहून आलेले माझे बाबा पायदानावर पाय ठेवून आत चढले, गिअरचा दांडा धरला आणि म्हणाले, ‘आमच्या गावच्या सर्व्हिसच्या मोटारीला असलाच वास होता.’ मग सगळ्या रस्त्याने त्यांनी त्या मोटारीच्या ड्रायव्हरचं वर्णन केलं.

१९५४ घ्यावी का, असं विचारणारे बरेच असतात. पुढची काच सलग, वाकवलेली, २३५ घनइंचाचं ११२ अश्वशक्तीचं इंजिन, रॉडना दाबाने ऑइल, ऑटोमॅटिक गिअरचा पर्यायसुद्धा. हायवे टाळता येत नसेल तर तीच घ्या. पण जाळी आडव्या पट्ट्यांची जाऊन बैलाच्या नाकासारखी जाड झाली, ती मला कधी आवडली नाही. १९५५ मध्ये आणखी एक घोळ आहे. नवी बांधणी मार्चमध्ये आली, तोवर जुनीच विकली. त्यामुळे १९५५ च्या दोन अगदी वेगळ्या गाड्या आहेत. जुन्या बांधणीची १९५५ ओळखायची तर खाली वाका. अर्ध्या टनाच्या गाडीचा प्रॉपेलर शाफ्ट तोवर नळीत बंद होता, तो त्या वर्षी उघडा झाला. जुन्यातली नवी म्हणून ती दुर्मीळ गाडी मिळाली तर मी लगेच घेईन. आणि नव्या बांधणीत त्याच वर्षी कॅमिओ कॅरिअर आली, फायबरग्लासच्या सपाट बाजूंची, सुटं चाक मागच्या बंपरआड लपवलेली. पहिल्या वर्षी ती एकाच रंगात मिळे, लाल नक्षीची ‘बॉम्बे आयव्हरी’. बघायला अप्रतिम. पण खत भरायला मी ती नेणार नाही.

१९५३ बघायला जाल तेव्हा आधी खांबावरची निळी पाटी, मग केबिनचे मागचे खालचे कोपरे आणि पायदानामागचा पत्रा बघा, गंज तिथूनच सुरू होतो. सीट पुढे ढकलून मागच्या पेट्रोलच्या टाकीचा वास घ्या. माझ्या गाडीत टाकीचं एक वायसर गेलं होतं, चार पैशांचं काम. पुढचं चाक जॅकवर उचलून वरखाली हलवा, किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात ते खिळे, झिजले असतील तर लगेच कळेल. जमलं तर कोपऱ्यात वळणदार काचा असलेली पाच खिडक्यांची केबिन घ्या. माझी तीन खिडक्यांची आहे आणि रिव्हर्स घेताना उजवा कोपरा आंधळा राहतो, ही माझी या गाडीबद्दलची एकमेव खरी तक्रार.