अर्ली अ‍ॅक्सेसमधला गेम आज घ्यावा की पूर्ण होण्याची वाट पाहावी?

एखादा गेम स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ या निळ्या पट्टीसह दिसतो, त्याची दृश्ये मनात भरतात, आणि तो अर्धवट असला तरी आजच घ्यावा की पूर्ण आवृत्ती येईपर्यंत थांबावे, असा प्रश्न उभा राहतो. गेम पूर्ण होण्याआधीच विकण्याची ही सोय स्टीमने मार्च २०१३ मध्ये सुरू केली. त्यानंतर या मार्गाने आलेल्या काही गेमनी इतिहास घडवला, तर काही अर्ध्या वाटेवरच थांबले. सर्व गेमना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. मात्र समोरचा गेम कोणत्या घडणीचा आहे हे नीट पाहिले, तर त्या गेमपुरते बऱ्यापैकी ठाम उत्तर देता येते, असे माझे मत आहे.

प्रथम पैशांचा मुद्दा, कारण लवकर घेतला तर स्वस्त पडतो ही समजूत सर्वत्र आढळते. ती काही गेमच्या बाबतीत खरी आहे. ‘हेडीस’ अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये सुमारे २० डॉलरला मिळत होता आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झाल्यावर त्याची किंमत सुमारे २५ डॉलर झाली. प्रागच्या वूब स्टुडिओचा, कारखाने उभारण्याचा गेम ‘फॅक्टोरिओ’ २०१६ मध्ये स्टीमवर आला तेव्हा २० डॉलरला होता. २०१८ मध्ये तो ३० आणि २०२३ मध्ये ३५ डॉलरवर गेला, आणि या गेमवर सवलत कधीच द्यायची नाही हे धोरण स्टुडिओने कटाक्षाने पाळले आहे. तेथे थांबणाऱ्याचे नुकसानच झाले. याउलट लारियन स्टुडिओचा कथाप्रधान गेम ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० मध्ये अपूर्ण स्वरूपात आला तेव्हाही ६० डॉलरला होता आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण झाला तेव्हाही तेवढ्यालाच होता. बहुतेक गेम पूर्ण झाल्यानंतर वर्षा-दोन वर्षांत सेलमध्ये येतात आणि तेव्हाची सवलत सुरुवातीच्या बचतीपेक्षा सहसा मोठी असते. त्यामुळे केवळ स्वस्त म्हणून घाई करण्यात फारसा अर्थ नाही. अपवाद ‘फॅक्टोरिओ’सारख्या गेमचा, जेथे निर्मात्यांनी किंमत वाढणार आणि सवलत मिळणार नाही हे स्वतःच स्पष्ट सांगितलेले असते.

खरा फरक पडतो तो गेमच्या घडणीमुळे. ज्या गेमचा प्राण कथेत आहे, तो अपूर्ण अवस्थेत खेळणे मला सर्वांत महागडे वाटते, आणि ही किंमत पैशांत मोजता येत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’च्या अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये फक्त पहिला अंक होता. जवळजवळ तीन वर्षे लोक तोच अंक पुन्हा पुन्हा खेळत राहिले, आणि पूर्ण आवृत्ती आली तेव्हा जुन्या सेव्ह फाइली, म्हणजे साठवलेली प्रगती, चालेनाशा झाल्या, त्यामुळे सर्वांना पुन्हा आरंभापासूनच सुरुवात करावी लागली. ज्याने तो अंक आधी तीन-चार वेळा पार केला होता, त्याला कोणत्या गुहेत कोण लपले आहे आणि कोणता सोबती काय लपवतो आहे, हे आधीच ठाऊक होते; ज्याने वाट पाहिली, त्याच्यासाठी ते सारे संपूर्ण नवे होते. अर्थात, या दीर्घ काळात खेळाडूंनी केलेल्या सूचनांमुळे गेम सुधारला हे लारियन स्टुडिओनेच मान्य केले आहे, आणि ज्यांना निर्मितीच्या प्रक्रियेतच रस आहे त्यांच्यासाठी तो काळ निश्चितच मोलाचा होता. परंतु ज्याला आयुष्यात एकदाच ती कथा पूर्ण अनुभवायची आहे, त्याने थांबलेलेच बरे.

‘हेडीस’ हाही कथेचा गेम आहे, तरीही त्याच्या बाबतीत उत्तर वेगळे येते, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. त्यात नायक पाताळातून पळण्याचा प्रयत्न करतो, मरतो, परत घरी येतो आणि पुन्हा निघतो. कथा याच पुनरावृत्तीतून थोडी थोडी उलगडते. डिसेंबर २०१८ पासून सुपरजायंट स्टुडिओ नवी शस्त्रे, नवी पात्रे आणि नवे संवाद टाकत गेला, आणि कथेचा खरा शेवट मात्र पूर्ण आवृत्तीसाठी राखून ठेवला. आधीच्या सेव्ह फाइलीही पुढे चालू राहिल्या. त्यामुळे लवकर आलेल्या खेळाडूचे काही हिरावले गेले नाही. ‘हेडीस २’नेही मे २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात हाच मार्ग धरला. म्हणून कथा असेल तर थांबा, एवढे म्हणणे पुरेसे नाही. ती कथा एका सरळ रेषेत जाते की पुनरावृत्तीतून उलगडते, आणि आजची प्रगती उद्या टिकणार आहे की पुसली जाणार आहे, हे पाहावे लागते.

बांधकामाचे, कारखान्यांचे आणि जगण्याच्या झुंजीचे गेम यांच्या बाबतीत माझा कल स्पष्टपणे आज घेण्याकडे आहे. ‘फॅक्टोरिओ’ ऑगस्ट २०२० मध्ये अधिकृतपणे पूर्ण झाला, पण त्याआधीची कित्येक वर्षे तो अनेक पूर्ण म्हणवणाऱ्या गेमपेक्षा अधिक घट्ट आणि निर्दोष होता. स्टुडिओ दर शुक्रवारी कामाचा सविस्तर वृत्तान्त लिहीत असे, त्यामुळे पुढे काय बदलणार आहे याची खेळाडूला कल्पना असे. झोम्बींच्या जगात तग धरण्याचा गेम ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ तर २०१३ पासून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आहे. पूर्ण आवृत्तीच्या प्रतीक्षेत तो न घेणाऱ्याची दहा वर्षांहून अधिक काळ निव्वळ वाट पाहण्यात गेली, आणि त्याच काळात इतरांनी त्यात मनमुराद खेळून घेतले. अशा गेमला ठरलेला शेवट नसतो, त्यामुळे अपूर्णतेमुळे हरवण्यासारखे फार थोडे असते. नवे अपडेट आले की जुन्या जगात परतण्याची नवी कारणे मिळतात एवढेच.

आता धोक्याकडे वळतो. अवकाशयाने बांधून उडवण्याचा गेम ‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम २’ फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० डॉलरला आला. पहिला भाग अत्यंत लोकप्रिय होता, मागे टेक-टूसारखी बलाढ्य कंपनी होती, आणि पुढे येणाऱ्या गोष्टींच्या आराखड्यात परग्रहांवरील वसाहती, ताऱ्यांदरम्यानचा प्रवास व अनेकांनी मिळून खेळण्याची सोय असे सारे काही मांडलेले होते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी गेम इतका जड चालत होता की शिफारस केलेल्या ग्राफिक्स कार्डात आरटीएक्स ३०८० या महागड्या कार्डाचे नाव होते. डिसेंबर २०२३ मध्ये विज्ञानाचा टप्पा आला, त्यानंतर २०२४ मध्ये स्टुडिओवर गंडांतर आले, त्याच वर्षी जूननंतर अपडेट थांबले, आणि वसाहतींचे आश्वासन कागदावरच राहिले. ज्यांनी आराखडा पाहून पैसे दिले, त्यांना जे मिळाले ते त्यांनी विकत घेतलेच नव्हते. ‘द डे बिफोर’ची कहाणी आणखी अल्पायुषी ठरली: ७ डिसेंबर २०२३ रोजी तो अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला आणि चारच दिवसांत स्टुडिओने काम बंद करत असल्याचे जाहीर केले. तेथे खेळाडूंना पैसे परत मिळाले, पण ‘केर्बल’च्या बाबतीत स्टीमची नेहमीची मर्यादा, म्हणजे खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी, हीच लागू होती, आणि अर्धवट गेमचे भवितव्य एवढ्या काळात कळत नाही.

या उदाहरणांवरून मी एकच कसोटी सर्वांत वर ठेवतो. हा गेम उद्यापासून एकदाही अपडेट झाला नाही, तरी आज दिलेली रक्कम वसूल झाली असे वाटेल का? उत्तर होकारार्थी असेल तर घ्यावा, आराखडा कितीही मोहक असला तरी त्याला किमतीत धरू नये. याच्या जोडीला स्टोअरच्या पानावरील अपडेटचा इतिहास पाहावा. निर्मात्यांची भाषा कितीही आश्वासक असली तरी तारखा लपत नाहीत. २०२५ पासून स्टीम स्वतःच, वर्षभराहून अधिक काळ अपडेट न झालेल्या अर्ली अ‍ॅक्सेस गेमच्या पानावर तशी सूचना दाखवू लागला आहे, आणि ती सूचना दिसली तर खरेदीचा विचार सोडून द्यावा असे मी म्हणेन. निर्माता स्टुडिओने पूर्वी एखादा गेम याच मार्गाने पूर्ण केला आहे का, हेही पाहावे. लारियन आणि सुपरजायंट यांच्या बाबतीत हा पूर्वेतिहास बोलका आहे.

आपल्याकडच्या खेळाडूसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. अनेकांकडे मध्यम ताकदीचा लॅपटॉप असतो, आणि काहींना इंटरनेटसाठी मोबाइलच्या डेटावरच अवलंबून राहावे लागते. अर्धवट गेमचा वेग शेवटच्या टप्प्यात सुधारला जातो, त्यामुळे आज अडखळणारा गेम त्याच यंत्रावर दोन वर्षांनी सुरळीत चालू शकतो. ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी जागा लागते. अशा आकाराचा गेम मोठ्या अपडेटनंतर पुन्हा पुन्हा उतरवून घ्यायचा म्हटले, तर डेटाचा खर्चही किमतीत धरला पाहिजे.

थांबायचे ठरवले तरी पूर्ण आवृत्तीच्या पहिल्याच दिवशी धावणे आवश्यक नाही. ‘बाल्डर्स गेट ३’चा तिसरा अंक प्रकाशनाच्या वेळी पहिल्या दोन अंकांइतका गुळगुळीत नव्हता, आणि प्रवास संपल्यावर सर्व सोबत्यांना पुन्हा भेटवणारा उपसंहार नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस, पाचव्या पॅचमध्ये, म्हणजे सुधारणा-अपडेटमध्ये, आला. ज्यांनी ऑगस्टमध्येच शेवट गाठला, त्यांना तो पाहण्यासाठी अखेरची लढाई पुन्हा खेळावी लागली. त्यामुळे कथाप्रधान गेम विशलिस्टमध्ये टाकून पूर्ण आवृत्तीनंतरही तीन-चार महिने जाऊ द्यावेत, असा माझा सल्ला आहे. तोपर्यंत पहिला सेलही बहुधा आलेला असतो.